मुलाला कोचने लाइनवर टाकलंय, पुढे कॉलेज-एनएफएल असं खरंच काही असतं का?

केतकी_डॅलस

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा १५ वर्षांचा, येत्या ऑगस्टमध्ये सोफमोर (दहावीत) होईल. उंची ६ फूट ३ इंच, वजन २४५ पौंड. आमच्या दोन्ही घरांत कोणी पावणेसहा फुटांच्या वर गेलेलं नाही, हा कुठून आला देव जाणे. मागच्या वर्षी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या फ्रेशमन (नववीच्या) टीममध्ये टाइट एंड होता, म्हणजे अधूनमधून का होईना बॉल हातात यायचा, फोटो निघायचे, आजीला व्हिडिओ पाठवता यायचे. स्प्रिंगमध्ये नवीन लाइन कोच आले आणि त्यांनी याला थेट ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे आपल्या टीमकडे बॉल असताना पुढच्या रांगेत (लाइनवर) टोकाला उभं राहून समोरच्याला अडवणारा, करून टाकलं, वर सांगितलं की पुढच्या दोन वर्षांत अजून ३० पौंड चढव. मला तर आधी वाटलं की पोराला शिक्षा झाली, कारण आता स्टँडमधून बघताना तो नुसता समोरच्याला ढकलतोय एवढंच दिसतं, नाव घेतलं जातं ते फक्त पेनल्टी लागली की. तो मात्र खूश आहे! काल रात्री साडेदहाला किचनमध्ये धाप धाप आवाज आला म्हणून गेले तर हा ओट्यापाशी उभं राहून पातेल्यातूनच खिचडी खातोय, बाजूला चार उकडलेली अंडी, आणि खाता खाता बुड खाली करून एक एक पाऊल मागे सरकवतोय. म्हटलं हे काय, तर म्हणे आई, किक स्लाइड.

आता प्रश्न. बाकीचे पेरेंट्स म्हणतात लाइनमनला कॉलेजं शोधत असतात, लेफ्ट टॅकलला तर एनएफएलमध्ये (प्रोफेशनल लीगमध्ये) करोडो मिळतात वगैरे. नवऱ्याने लगेच एक्सेल शीट उघडली आहे. मला एवढंच कळत नाही की ज्याच्याकडे बॉलच नाही त्याला कोण आणि कसं बघतं, हायस्कूल ते वर हा रस्ता नक्की कसा असतो, आणि हे वजन, उन्हातली प्रॅक्टिस, डोक्याला मार, याचं काय. कोणाच्या घरातलं कोणी खेळलंय का?

---

झणझणीत

बाजारात तुरी न् भट भटणीला मारी, मुलगा अजून दहावीत आणि बाबांची एक्सेल शीट तयार 😀 बाकी विषय माझ्या डोक्यावरून जातो पण २४५ पौंडाला खिचडी पुरत नसते ताई, एवढं सांगतो आणि वाचत बसतो.

---

चौथी_डाऊन

ताई मी इथेच वाढलोय, मराठी टायपिंग कच्चं आहे पण या विषयावर गप्प बसणं शक्यच नाही.

पहिली गोष्ट, ही शिक्षा नाही, उलट कोचने त्याचे पाय बघितलेत. टॅकल लाइनच्या टोकाला उभा असतो, समोर येणारा एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) हा डिफेन्समधला सगळ्यात चपळ राक्षस, आणि त्याला तुम्ही उलटं मागे सरकत अडवायचं असतं. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे बॉल फेकणाऱ्याची, पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही, म्हणून लेफ्ट टॅकलचा एवढा भाव. बॉल हातात नसतो हे खरं, पण कॉलेजचे लाइन कोच बॉल बघतच नाहीत, ते फिल्म मागेपुढे करून फक्त त्या पाच जणांचे पाय बघतात.

वजनाचं एवढं मनावर घेऊ नका. कॉलेजात न्यूट्रिशनवाले आणि वेट रूम मिळून दोन वर्षांत ४० पौंड आरामात चढवतात, पण जड पायाचा मुलगा हलका करून देता येत नाही. मुलगा गुडघ्यात वाकतो का कमरेत वाकतो हे बघा, कमरेत वाकला की तोल पुढे गेला आणि समोरच्याने हात झटकला की तोंडावर आपटला. तो खिचडी खाताना बुड खाली ठेवतोय ना, मग काम झालंय 😄 टेरॉन आर्मस्टेड म्हणून होता, २०१३ च्या कम्बाइनला (एनएफएलच्या निवड चाचणीला) ३०६ पौंडांचा माणूस ४० यार्ड ४.७१ सेकंदांत पळाला, अर्कन्सॉ-पाइन ब्लफसारख्या छोट्या कॉलेजचा, एनएफएलच्या सेंट्स टीमने ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या वार्षिक निवडीच्या, तिसऱ्या फेरीत उचलला.

दुसरं म्हणजे हातांची लांबी. हसू नका, इंचाच्या आठव्या हिश्श्यावरून भांडणं होतात. विल कॅम्पबेल, एलएसयूचा (लुइझियाना स्टेटचा), कम्बाइनला हात ३२ आणि पाच अष्टमांश इंच भरले तर महिनाभर टीव्हीवर तेच दळण, की हा टॅकल नाहीच, गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा) करा. शेवटी २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पेट्रियट्सने चौथ्याच नंबरवर घेतला, टॅकल म्हणूनच.

तिसरं, ऑफ-सीझनला त्याला कुस्तीत घाला. खरंच सांगतो, हात कुठे धरायचा, समोरच्याचं वजन कुठे झुकलंय ते न बघता ओळखायचं, हे मॅटवर जसं शिकतात तसं दुसरीकडे नाही. स्टीफन नील हा १९९९ चा फ्रीस्टाइल वर्ल्ड चॅम्पियन पैलवान, त्याच वर्षी कॉलेज फायनलला ब्रॉक लेस्नरला हरवलं, कॉलेजात फुटबॉलचा एक स्नॅप (डाव) खेळला नाही आणि तरी पुढे कित्येक वर्षं पेट्रियट्सचा गार्ड होता, त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, टॉम ब्रेडीच्या, पुढे उभा राहून त्याला वाचवायला. आणि जॉर्डन मायलाटा तर सिडनीचा रग्बी लीगवाला, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळता २०१८ ला ईगल्सने सातव्या फेरीत २३३ वा घेतला, लाइन कोच जेफ स्टाउटलंडने अक्षरशः शून्यापासून शिकवला, आज लेफ्ट टॅकल आहे आणि सुपर बोल (एनएफएलची फायनल) जिंकून बसलाय. क्वार्टरबॅक असा उशिरा नाही बनत कधी. लाइनमन बनतात.

---

अण्णा_ओहायो

केतकीताई, आमचा थोरला सेंटर (लाइनच्या मधला) होता, चार वर्षं डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळाची खालची पातळी) खेळला, आता इंजिनिअर आहे. एनएफएल आम्ही टीव्हीवरच बघितली, पण हायस्कूल ते कॉलेज हा टप्पा मी गाडी चालवून चालवून पाठ केलाय, तेवढंच सांगतो.

घरी कॉलेजांची पत्रं यायला लागतील. रंगीत, जाड कागद, मुलाचं नाव मोठ्या अक्षरात. त्याला भुलू नका. आम्ही पहिली पंधरा फ्रिजवर लावली होती, नंतर कळलं की ती शेकड्यांनी जातात, कॅम्पची फी भरा एवढाच त्याचा अर्थ. ऑफरसुद्धा तोंडी असेल तोवर तोंडीच, सही होईपर्यंत दोन्हीकडून बदलते. एका खासगी एक्सपोझर कॅम्पला आम्ही विमानाने गेलो, जवळजवळ हजार डॉलर गेले, सांगितलं होतं कोचेस येतील, मैदानावर तीन माणसं क्लिपबोर्ड घेऊन, तीही आयोजकांचीच. त्यापेक्षा ज्या कॉलेजात खरंच जायचंय त्यांच्याच कँपसवर जूनमध्ये एक दिवसाचा कॅम्प असतो तिथे न्या, तिथे त्यांचा लाइन कोच स्वतः मुलाला वन-ऑन-वन करताना बघतो आणि पाच मिनिटांत त्याला जे कळायचं ते कळतं.

फिल्म हडल नावाच्या साइटवर टाकायची. पहिल्या पाच-सहा प्लेमध्येच दम पाहिजे, पुढे कोणी बघत नाही. गाणं नको, स्लो मोशन नको, सुरुवातीला आपला मुलगा कुठला ते गोल करून दाखवा. पँकेक, म्हणजे समोरच्याला उताणा पाडलेला, ते टाकाच, पण शिट्टी वाजेपर्यंत ब्लॉक सोडत नाही असे दोन तरी प्ले टाका. आमच्याला बोलावणाऱ्या कोचने पँकेकचं नावच काढलं नाही, म्हणाला, तुमचा मुलगा पडलेल्या रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) उचलायला वीस यार्ड पळत जातो ते मला आवडलं.

आता मार्क. हे एक्सेल शीटमध्ये सगळ्यात वर टाकायला सांगा. डिव्हिजन वनसाठी (वरच्या पातळीसाठी) एनसीएएला (कॉलेज खेळांच्या संघटनेला) १६ कोअर कोर्स लागतात, त्यात २.३ जीपीए (मार्कांची सरासरी), आणि त्यातले १० सीनियर वर्ष (बारावी) सुरू व्हायच्या आधी झालेले पाहिजेत. आपल्या मुलांना २.३ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण कुठला विषय कोअर धरतात हे शाळेच्या काउन्सेलरला आत्ताच विचारा. आणि मार्क चांगले असतील तर दारं एकदम वाढतात. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप शून्य, आयव्ही लीगमध्येही नाही, पण अभ्यासाची आणि गरजेची मदत असते आणि लाइनमन तर त्यांनाही लागतातच. डिव्हिजन थ्री म्हणजे संपलं असंही नाही बरं का. अली मारपेट होबार्ट कॉलेजचा, २०१५ ला दुसऱ्या फेरीत गेला. क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरचा, २०२० चा सीझन कोविडमुळे झालाच नाही तर हा जंगलात झाडांशी झटत बसला, आणि २०२१ ला ब्रॉन्कोजने तिसऱ्या फेरीत घेतला.

मोठ्या कॉलेजांचं गणित मात्र आमच्या वेळेपेक्षा फार बदललंय. पूर्वी वरच्या डिव्हिजनला ८५ स्कॉलरशिप आणि वर हवे तेवढे वॉक-ऑन, म्हणजे स्वखर्चाने येऊन टीममध्ये घुसणारे. २०२५ च्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना रोस्टरच (टीमची यादीच) १०५ चं, सगळ्यांना स्कॉलरशिप दिली तरी चालेल पण त्यापेक्षा जास्त मुलं नाहीत. त्यात ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्यात जायची सोय), कोचला तयार २१ वर्षांचा लाइनमन मिळत असेल तर तो तुमच्या १८ वर्षांच्याला दोन वर्षं का पोसेल? लाइनमनला पहिलं वर्ष बहुतेक रेडशर्ट करतात, म्हणजे वेट रूम, मीटिंग, प्रॅक्टिस, पण सामने नाहीत किंवा जास्तीत जास्त चार. त्या वर्षात मुलं फार खचतात. आमचा तर नोव्हेंबरमध्ये बॅगा भरून बसला होता, त्याच्या आईने तासभर फोनवर काय समजावलं ते अजून मला सांगितलेलं नाही.

---

डॉ_मृ

मी इमर्जन्सीत काम करते, त्यामुळे माझं बोलणं जरा घाबरवणारं वाटेल, पण टेक्ससचा ऑगस्ट आहे म्हणून लिहितेच.

उष्माघात. मोठ्या अंगाच्या मुलांना धोका जास्त, अंगावर पॅड्स, हेल्मेट, आणि मागे पडायचं नाही ही जिद्द. कोरी स्ट्रिंगर, व्हायकिंग्जचा टॅकल, २७ वर्षांचा, कॅम्पमध्ये उष्माघात होऊन १ ऑगस्ट २००१ ला गेला. मेरीलँड विद्यापीठाचा लाइनमन जॉर्डन मॅक्नेअर २०१८ मध्ये गेला, १९ वर्षांचा होता, त्याला बर्फाच्या पाण्यात टाकलंच नव्हतं, नंतर विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली. तुम्ही शाळेत जाऊन एकच गोष्ट डोळ्यांनी बघून या, मैदानाजवळ पाणी आणि बर्फ भरलेला टब तयार असतो का आणि ॲथलेटिक ट्रेनर प्रॅक्टिसला हजर असतो का. मुलगा अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर आधी तिथेच थंड करायचं, मग ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं. हा क्रम उलटला की माणूस हातचा जातो, आणि हे नियमात असूनही गडबडीत विसरतात.

डोकं. लाइनमनचं मोठं कन्कशन टीव्हीवर दिसत नाही, पण जवळजवळ प्रत्येक स्नॅपला छोटा दणका बसतो आणि त्यांची बेरीज होते. सीटीई हा वारंवारच्या दणक्यांनी होणारा आजार ज्या एनएफएल खेळाडूच्या मेंदूत पहिल्यांदा सापडला तो सेंटरच होता, स्टीलर्सचा माइक वेब्स्टर, २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला. २०१७ च्या बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात १११ माजी एनएफएल खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत तो दिसला. आता हे मेंदू बहुतेक घरच्यांना काहीतरी बिनसल्याचं दिसलं म्हणून दान केलेले, त्यामुळे सगळ्यांनाच होतो असं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. तंत्र शिकवणारा कोच म्हणजे इथे औषध आहे, हात आधी आणि डोकं मागे. गार्डियन कॅप, ती हेल्मेटवरची मऊ टोपी, प्रॅक्टिसला घालतात का विचारा, एनएफएलने २०२२ पासून कॅम्पमध्ये लाइनमनना सक्तीची केली.

आणि ते ३० पौंड. घाई नको. घोरायला लागला, दिवसा वर्गात पेंगायला लागला की डॉक्टरकडे न्या, गळ्याभोवती वजन चढलं की झोपेत श्वास अडकतो. हे चढवलेलं वजन पुढे उतरवायचंही असतं, ब्राउन्सचा टॅकल जो थॉमस, लागोपाठ १०,३६३ स्नॅप खेळलेला माणूस, निवृत्त झाल्यावर ५० पौंड उतरवले त्याने, ओळखू येत नाही आता.

---

केतकी_डॅलस

बापरे, सगळ्यांचे खूप आभार, प्रिंट काढून नवऱ्याला दिलंय. टबचं आज सकाळीच विचारून आले. आहे, ट्रेनर मुलगी फारच चांगली आहे, तिने मला झाकण उघडून दाखवला, वर म्हणाली की गेल्या दोन वर्षांत विचारायला आलेली मी पहिली आई. गार्डियन कॅप म्हणे वर्गणी काढून घेतल्यात पण सगळ्यांना पुरत नाहीत, लाइनवाल्यांना आधी देतात.

कुस्तीचं घरी सांगितलं तर आमचे सासरे एकदम खुर्चीतून उठलेच, त्यांच्या वडिलांचा तालमीतला फोटो आहे म्हणे कुठेतरी. ६ फूट ३ चं कोडं बहुतेक तिथे सुटतंय. आता नवऱ्याचा प्रश्न, जास्त हसू नका, पैशाचा रकाना रिकामा आहे.

---

चौथी_डाऊन

हाहा, भरून टाकू.

आधी आकडा पचवा. हायस्कूलला फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या वर, त्यातली साधारण सात टक्के एनसीएएच्या कुठल्या तरी डिव्हिजनमध्ये पोचतात, आणि त्यातूनही ड्राफ्टला पात्र झालेल्यांपैकी दीडेक टक्का पुढे जातो, हे एनसीएएचेच अंदाज आहेत. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येताच येत नाही. मग फेब्रुवारी-मार्चला इंडियानापोलिसला कम्बाइन, तिथे अंडरवेअरवर उभं करून उंची, वजन, हात, पंजा मोजतात, बैलबाजारच तो, २२५ पौंड किती वेळा उचलतो ते मोजतात, चाळीस यार्ड पळवतात पण लाइनमनचे खरं तर पहिले दहा यार्डच बघतात कारण त्याला आयुष्यात तेवढंच पळायचं असतं. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, सात फेऱ्या, २०२५ ला एकूण २५७ मुलं. उरलेल्यांपैकी काहींना त्याच रात्री फोन येतो, अनड्राफ्टेड म्हणून सही करतात. प्रत्येक टीमच्या कॅम्पला ९० जण, ऑगस्टच्या शेवटी ५३. म्हणजे एका आठवड्यात ३७ जणांना ऑफिसात बोलावून प्लेबुक परत घेतात, अर्थात आता आयपॅड.

त्यातले १६ प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरत्या राखीव यादीत), नवख्याला २०२५ ला आठवड्याला १३,००० डॉलर, पण तेही आठवड्याच्या बोलीवर, मंगळवारी आहात आणि बुधवारी नाही. ५३ मध्ये बसला तर पहिल्या वर्षाचं किमान २०२५ ला ८,४०,००० डॉलर होतं. जे करोडो तुम्ही ऐकता ते दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचे, टॅकल पेनेई स्युएलने २०२४ ला लायन्सशी चार वर्षांचे ११२ मिलियन डॉलर केले तसे, आणि दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टपर्यंत गुडघे टिकले पाहिजेत.

नवरोबांना जेसन केल्सीचं सांगा. सिनसिनाटीला वॉक-ऑन गेला, लाइनमन नव्हताच, तिथे जाऊन लाइनवर आला, २०११ ला सहाव्या फेरीत ईगल्सने घेतला, सेंटरला लहान आहे असं सगळे म्हणायचे. १३ सीझन खेळला. पण एका केल्सीमागे किती जण परत घरी गेले ते कोणी शीटमध्ये लिहीत नाही, म्हणून रकाना रिकामाच ठेवायला सांगा आणि अण्णांचा जीपीएवाला रकाना भरा.

---

झणझणीत

अंडरवेअरवर मोजतात हे वाचून माझं लग्नाचं बघणं आठवलं. धागा वाचनखुणेत.

---

अण्णा_ओहायो

प्रॅक्टिस स्क्वॉडचं खरं आहे. थोरल्याच्या कॉन्फरन्समधला एक गार्ड कॅम्पपर्यंत गेला होता, सतरा दिवस. आता शाळेत गणित शिकवतो आणि लाइन कोच आहे, वर्गात शर्टाच्या बाह्या फाटतात त्याच्या.

---

केतकी_डॅलस

अपडेट द्यायला आले. काल गुरुवारी जेव्हीची (शाळेच्या दुसऱ्या टीमची) पहिली मॅच झाली. ७२ नंबर, राइट टॅकल. पहिल्या क्वार्टरला दोनदा फॉल्स स्टार्ट (वेळेआधी हलल्याची पेनल्टी), स्पीकरवर नंबर घेतला, माझा जीव अर्धा झाला. मी चौथी_डाऊन यांनी सांगितलं तसं बॉल बघायचा सोडूनच दिला, नुसते पाय बघत होते. तिसऱ्या क्वार्टरला अख्खं स्टँड उठून ओरडायला लागलं, टचडाऊन झाला होता म्हणे, मला पत्ताच नाही कारण आमचा उजवीकडे एका मुलाला ढकलत ढकलत पार बेंचपर्यंत घेऊन गेला होता आणि मग त्यालाच हात देऊन उठवत होता.

घरी येताना गाडीत पॅड्सचा असा काही वास, खिडक्या उघड्या ठेवून आलो. आजीला व्हिडिओ पाठवला तर तिचा लगेच फोन, अगं बॉल घेऊन पळाला तो आपला का? म्हटलं नाही, त्याला वाट करून देणारा आपला. थोडा वेळ गप्प, मग म्हणाली, परत पाठव, नीट बघते.